विसरित सौर प्रारणाचे प्रतिमान

सूर्याचा जो प्रकाश हवेचे रेणू, धूळ, बाष्प आणि ढग यांमुळे विखुरतो व आकाशाच्या सगळ्या बाजूंनी जमिनीवर पोहोचतो, त्याला विसरित प्रारण म्हणतात. सूर्यबिंबाकडून सरळ येते ते थेट प्रारण. हे दोन्ही मिळून आडव्या पृष्ठभागावरचे एकूण प्रारण होते. त्यातला विसरित वाटा किती आणि तिरक्या सौर पॅनेलवर त्यातला किती पडेल, हे गणिताने ठरवण्याच्या पद्धतीला विसरित प्रारणाचे प्रतिमान म्हणतात.

आषाढातल्या ढगाळ दुपारी गच्चीवर आपली सावलीसुद्धा पडत नाही, तरी पॅनेल थोडीफार वीज देत असते. ती बहुतेक सगळी विसरित प्रकाशाची. आरशांनी ऊन एका जागी एकवटणाऱ्या सौर औष्णिक प्रकल्पाला मात्र हा प्रकाश निरुपयोगी, कारण चहूकडून येणारे किरण एका बिंदूवर आणता येत नाहीत.

प्रतिमानाची गरज पडते ती मुख्यतः मोजमाप किचकट असल्यामुळे. एकूण प्रारण पायरॅनोमीटरने मोजतात. काचेच्या घुमटाखालच्या काळ्या पृष्ठभागाला ऊन किती तापवते, त्यावरून आकडा मिळतो. विसरित प्रारणासाठी असाच दुसरा पायरॅनोमीटर दिवसभर सूर्यापासून झाकून ठेवावा लागतो. जुनी तऱ्हा म्हणजे सूर्याच्या मार्गावर बसवलेली धातूची अरुंद कडी. सूर्य उत्तर-दक्षिण सरकतो तशी ही कडी दर काही दिवसांनी हाताने सरकवावी लागते. विसरले, की ऊन घुमटावर येते आणि आकडा फुगतो. शिवाय कडी सूर्याबरोबर आकाशाची एक पट्टीही झाकते, म्हणून नोंदीत त्याची भर घालावी लागते. सूर्याचा माग काढणाऱ्या यंत्रावरचा छोटा गोळा हे काम अधिक अचूक करतो, पण तो महाग आणि त्याची देखभालही जास्त.

भारतात अशा नोंदींचा पाया १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात घातला गेला. हवामान खात्याच्या पुणे येथील उपकरण विभागात काम केलेल्या अण्णा मणी यांचा त्यात मोठा वाटा होता. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीची त्यांची संदर्भपुस्तिका १९८०मध्ये निघाली. तरीही विसरित प्रारण प्रत्यक्ष मोजणारी केंद्रे मोजकीच असल्याने बहुतेक प्रकल्पांच्या हाती असते ते फक्त एकूण प्रारण, तेही बरेचदा उपग्रहावरून काढलेले.

या एकूण आकड्याची थेट आणि विसरित अशी फोड करणे ही पहिली पायरी. लिऊ आणि जॉर्डन यांनी १९६०मध्ये तिची वाट दाखवली. वातावरणाबाहेर आडव्या पृष्ठभागावर जेवढे ऊन असते, त्यातले किती जमिनीपर्यंत पोहोचले, हे गुणोत्तर म्हणजे निरभ्रता निर्देशांक. तो कमी असेल तर विसरित वाटा जास्त. अर्ब्स, क्लाइन आणि डफी यांच्या १९८२च्या सूत्रानुसार निर्देशांक ०.३ असताना विसरित वाटा सुमारे ९५ टक्के येतो, तर ०.७ला सुमारे २४ टक्के.

सगळी गोम इथेच आहे. निर्देशांक ०.५ दोन अगदी वेगळ्या आकाशांतून येऊ शकतो: पातळ ढगांचा सलग पडदा, किंवा भाद्रपदात तुटक ढगांतून क्षणात लख्ख, क्षणात झाकोळलेले ऊन. तासाची सरासरी सारखी असली, तरी थेट आणि विसरित यांची वाटणी सारखी असेलच असे नाही. सूत्र मात्र दोन्हींना एकच उत्तर देते, सुमारे ६६ टक्के. शिवाय ते मुख्यतः अमेरिकेतल्या नोंदींवर बेतलेले आहे. मोसमी ढग आणि उत्तर भारतातले हिवाळी धुरके त्यात जसेच्या तसे बसतील असे धरून चालणे धाडसाचेच. बोलंड, रिडली आणि लॉरे यांच्या २०१०च्या प्रतिमानात सूर्याची उंची, दिवसाची सरासरी आणि आधीच्या व नंतरच्या तासाची स्थितीही धरतात, त्यामुळे ही चूक थोडी आवरते.

दुसरी पायरी म्हणजे आडव्या पृष्ठभागावरचा विसरित प्रकाश तिरक्या पॅनेलवर नेणे. आकाश सगळीकडे सारखेच उजळ आहे असे मानले, तर आडव्या आकड्याला (१ + कोसाइन β) / २ ने गुणले की झाले. यातला β हा पॅनेलचा कल. पुण्याच्या अक्षांशाजवळचा १८ अंशांचा कल घेतला तर यात जेमतेम अडीच टक्के घट येते. भरून आलेल्या आकाशाला हे गृहीत बरे लागू पडते. स्वच्छ दिवशी मात्र सूर्याभोवतीचे आकाश झगझगीत असते आणि क्षितिजालगतही उजळ पट्टा दिसतो. हे (Hay) आणि डेव्हिस (Davies) या संशोधकांच्या प्रतिमानात विसरित प्रकाशाचा एक भाग सूर्याच्याच दिशेने येतो असे धरतात. पेरेझ आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये आकाशाचे तीन भाग केले, सूर्याभोवतालचा, क्षितिजाजवळचा आणि उरलेला, आणि आकाशाच्या स्वच्छतेच्या आठ वर्गांसाठी वेगवेगळे गुणांक दिले. हे प्रतिमान आज सर्वाधिक वापरातल्यांपैकी आहे. पण पहिल्या पायरीत फोडच चुकली असेल, तर पेरेझचे बारकावे ती दुरुस्त करू शकत नाहीत. प्रकल्प अहवालांत दुसऱ्या पायरीवर पानेच्या पाने असतात आणि पहिलीवर एखादी ओळ, हे उलटे आहे.

शहरात आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते: पॅनेलला दिसणारे आकाश. शेजारच्या टॉवरची सावली गच्चीवर कधीच पडत नसली, तरी त्याने आकाशाचा जेवढा तुकडा झाकला तेवढा विसरित प्रकाश बारा महिने कमी मिळतो. टॉवरच्या भिंतीवरून परतलेला प्रकाश त्यातला काही भाग भरून काढतो. भिंत पांढरी आहे की काळ्या काचेची, यावर तो किती हे ठरते.