पाकिटावरचं ‘मिक्स्ड’ काय सांगतं?

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ‘ट्रेसेबिलिटी’, म्हणजे माल कुठून आला याचा माग, समजावून सांगावी लागत नाही. युरोपला जाणारी पेटी ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवलेल्या प्लॉटपर्यंत मागे नेता येते. त्यामुळे बिस्किटाच्या पाकिटावर शाश्वत पामतेलाचा शिक्का दिसला की आपण त्याच न्यायाने धरून चालतो, की यातलं तेल जंगल न तोडता आलेलं आहे. तसं असेलच असं नाही.

हा शिक्का आरएसपीओचा, म्हणजे ‘राउंडटेबल ऑन सस्टेनेबल पाम ऑइल’ या संस्थेचा. संस्था 2004 ची, सदस्यत्व आणि प्रमाणपत्र दोन्ही ऐच्छिक. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, तपासणी दरवर्षी. 2018 पासूनच्या नियमांनुसार पीटच्या (कुजलेल्या वनस्पतींच्या जाड थराच्या) दलदलीवर नवी लागवड चालत नाही, जंगल तोडून तर नाहीच.

खरी गुंतागुंत मळ्याबाहेर सुरू होते. पामच्या फळांचा घड उतरवला की फळातलं लायपेज हे विकर तेलाचे रेणू फोडू लागतं आणि मुक्त मेदाम्लं वाढतात, म्हणजे तेल बिघडतं. म्हणून घड शक्यतो एका दिवसात वाफेच्या टाकीत जावा लागतो आणि गिरणी जवळच लागते. तिथे कंपनीच्या मळ्याचा माल येतो, तसाच दलालामार्फत छोट्या शेतकऱ्यांचाही. पुढे बंदरावरच्या टाक्या, जहाज, रिफायनरी. प्रत्येक टप्प्यावर वेगळी टाकी ठेवायची तर खर्च वाढतो. त्यावरचा तोडगा म्हणजे ‘मास बॅलन्स’.

समजा, रिफायनरीने 1000 टन तेल घेतलं आणि त्यातलं 200 टन प्रमाणित आहे. सगळं एकाच टाकीत गेलं. खात्यावर मात्र 200 टन प्रमाणित जमा झाले, आणि तेवढंच तेल ती ‘मास बॅलन्स’ म्हणून विकू शकते. कोणत्या टँकरमध्ये कुठल्या मळ्याचे रेणू गेले, याला इथे अर्थ नाही. प्रयोगशाळेचाही उपयोग नाही, कारण पामिटिक आम्लाचं प्रमाण दोन्ही तेलांत सारखंच, सुमारे 44 टक्के. म्हणजे सगळी भिस्त हिशेबावर.

हिशेब पकडायचे मार्ग आहेत. 100 टन घडांतून साधारण 20 टन तेल निघतं. गिरणीने 27 टन प्रमाणित तेल दाखवलं, तर बाहेरचा माल आत घुसलाय. दुसरी गफलत दुहेरी विक्रीची: तेच 200 टन आयएससीसीसारख्या दुसऱ्या प्रमाणपत्र योजनेखाली विकले, तर आरएसपीओच्या खात्यातून वजा व्हायलाच हवेत. आणि तपासनिसाची फी तपासली जाणारी कंपनीच देते, ही या व्यवस्थेची सर्वांत कच्ची बाजू.

तरीही मास बॅलन्सला फसवणूक म्हणणं चूक आहे. विकलेल्या प्रत्येक टनामागे कुठेतरी एक टन प्रमाणित तेल विकत घेतलेलं असतं. फक्त ते याच पाकिटात आहे, असा दावा करता येत नाही. म्हणून अशा मालाच्या शिक्क्यावर ‘मिक्स्ड’ लिहितात. तेल शेवटपर्यंत वेगळं ठेवलं असेल तर ‘सर्टिफाइड’. नुसती प्रमाणपत्रं विकत घेतली, तेलाशी संबंध नाही, तर ‘क्रेडिट्स’.

जाता जाता, ‘पामतेलमुक्त’ची जाहिरातही तपासून घ्यावी: एका हेक्टरात पाम जेवढं तेल देतं, तेवढ्यासाठी सोयाबीनला कित्येक पट जमीन लागते.

फरसाण किंवा चिवडा कारखान्याला प्रमाणित तेल घ्यायचं असेल, तर डब्यावरचं चित्र पाहू नये, बिल पाहावं. त्यावर विक्रेत्याचा सप्लाय चेन प्रमाणपत्र क्रमांक आणि ‘एमबी’ (मास बॅलन्स) की ‘एसजी’ (सेग्रिगेटेड, म्हणजे वेगळं ठेवलेलं) हे लिहिलेलं लागतं. तो क्रमांक आरएसपीओच्या संकेतस्थळावर टाकून मुदत संपलेली नाही ना, हे आधी बघावं.