फ्रेम नाही म्हणून गिऱ्हाईक नाही?

‘खाली लॅडर फ्रेम (शिडीसारखा वेगळा पोलादी सांगाडा) नसेल तर तो पिकअपच नव्हे, आणि अमेरिकेत असली गाडी कोणी घेत नाही.’ ही समजूत होंडाची रिजलाइन ही बिनफ्रेमची पिकअप आली तेव्हापासून, म्हणजे वीसेक वर्षं चालत आलीय. रिजलाइनचा खप बेताचाच राहिला हे खरं.

पण 2021 मध्ये फोर्डने मोनोकॉक बांधणीची, म्हणजे वेगळी फ्रेम नसून बॉडीच सगळा भार पेलते अशी, मॅव्हरिक पिकअप आणली. सुरुवातीची किंमत 20 हजार डॉलरच्या आत, तीही हायब्रिड. मागणी इतकी, की 2022 च्या मॉडेलचं बुकिंग जानेवारीतच थांबवावं लागलं. 2024 मध्ये सव्वा लाखाहून अधिक मॅव्हरिक खपल्या. फोर्डच्याच फ्रेमवाल्या रेंजरच्या दुपटीहून जास्त. हौदा जेमतेम साडेचार फुटी, तरी मागचा फळका अर्ध्यावर अडकवला की चार बाय आठचं प्लायवूड चाकांच्या उंचवट्यांवर सपाट बसतं. सुमारे 680 किलो भारही पेलते.

जड ट्रेलर ओढायला फ्रेमच हवी, यात वाद नाही. फोर्डची मोठी, फ्रेमवाली एफ-सीरिज अजूनही वर्षाला सात लाखांवर खपते. पण मॅव्हरिकचं गिऱ्हाईक जड ट्रेलर ओढणारं नव्हेच. त्यातले बरेच जण सेडान किंवा छोटी एसयूव्ही सोडून आलेले.