पेम्फिगस की पेम्फिगॉइड? फोड सारखे दिसले तरी औषध एक नाही

अंगावर पाण्याचे फोड उठले की आपल्याकडे जळगाव-धुळ्यात पहिला शब्द निघतो तो नागीण. पण नागीण सहसा अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यात उठते आणि काही आठवड्यांत ओसरते. फोड दोन्ही बाजूंना येत असतील, महिना उलटला तरी नवे उठत असतील, तर दोन दुर्मिळ आजारांचा विचार करायलाच हवा: पेम्फिगस व्हल्गॅरिस आणि बुलस पेम्फिगॉइड. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते.

पेम्फिगसमध्ये कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर हल्ला होतो. त्यामुळे फोड लिबलिबीत असतात, कपडा घासला तरी फुटतात. सुरुवात बहुधा तोंडातून होते. शेवभाजीचा रस्सा तर सोडाच, कळण्याच्या भाकरीचा दुधात कुस्करलेला घासही उतरत नाही. आणि घरचे ‘तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स घे’ म्हणत राहतात. यात महिने वाया जातात, याची फार हळहळ वाटते.

पेम्फिगॉइड साधारण साठी-सत्तरीनंतरचा. यात वरचा अख्खा थरच खालून सुटतो, म्हणून फोड टणक, ताणलेले. खाज भयंकर, कधी फोडांच्या कितीतरी आधीपासून. तोंड बहुतेकदा वाचतं. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी, विशेषतः विल्डाग्लिप्टिनशी, याचा संबंध आढळला आहे. म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा, मनाने बंद करू नका.

नुसत्या नजरेवर निदान सोडू नये. बायोप्सीसोबत फोडाशेजारच्या कातडीची इम्युनोफ्लुओरेसन्स तपासणी करतात, म्हणजे कातडीवर उलटलेल्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) कुठे चिकटल्या आहेत ते चमकवून बघतात. पेम्फिगसमध्ये मासळीच्या जाळ्यासारखी चमक दिसते, पेम्फिगॉइडमध्ये सरळ रेघ.

हा निकाल हातात असणं इतकं महत्त्वाचं, कारण पुढची औषधं साधी नाहीत. पेम्फिगसला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट लागतं. 1980च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचांनी स्टिरॉइडची पल्स पद्धत, म्हणजे ठरावीक अंतराने थोडे दिवस मोठा डोस देण्याची रीत, रुजवली. आता रिटुक्सिमॅब हे शिरेतून द्यायचं औषध आहे. अमेरिकेत 2018 मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची मूळ फळीच, म्हणजे बी-पेशी, ते कमी करतं. 1 ग्रॅमचे दोन डोस, मध्ये दोन आठवडे. आधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी झालीच पाहिजे.

पेम्फिगॉइडच्या कित्येक रुग्णांचं मात्र क्लोबेटासॉल हे स्टिरॉइडचं मलम आणि डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकवर भागतं. पंचाहत्तरीच्या आजोबांना पेम्फिगस समजून भारी स्टिरॉइड चालू केलं, तर साखर, हाडं आणि जंतुसंसर्ग तिन्ही अंगाशी येतात.

दोन्हींत एक पथ्य सारखंच: फोड सुकले म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम थांबवू नयेत, आणि ही औषधं चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.