लोकायुक्तांच्या कायद्यात गाऱ्हाणे मागे कसे पडले

लोकायुक्त म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणारे राज्यातील पद. त्याविषयीची चर्चा गेली काही वर्षे एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे : मुख्यमंत्री चौकशीच्या कक्षेत असावेत की नसावेत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात नवे विधेयक विधानसभेत मंजूर झाले, तेव्हा वर्तमानपत्रांचे मथळेही याच मुद्द्याचे होते. हे पद महाराष्ट्रात आणणाऱ्या १९७१ च्या कायद्यात मात्र भ्रष्टाचाराच्या आरोपाच्या शेजारी सामान्य माणसाच्या गाऱ्हाण्यालाही तितकीच जागा होती. सरकारी निर्णय सुधारण्याची खरी ताकद या दुसऱ्या भागात आहे. तो हळूहळू कसा बाजूला पडला, हे समजून घेतल्याशिवाय आजचा वाद अर्धाच कळतो.

या पदामागची मूळ कल्पना स्वीडनमधली, १८०९ सालची. त्यानंतर शतकभर ती तिथेच राहिली. फिनलंडने १९१९ च्या राज्यघटनेत ती घेतली, डेन्मार्कने १९५५ मध्ये प्रत्यक्षात आणली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९६२. त्या वर्षी न्यूझीलंडने हे पद निर्माण केले आणि ब्रिटिश धर्तीच्या संसदीय पद्धतीच्या देशातही ते चालू शकते हे दिसले. पाठोपाठ १९६७ मध्ये ब्रिटनने कायदा केला. या सर्व ठिकाणी कामाचा गाभा चुकीच्या, उशिरा झालेल्या किंवा अन्यायकारक निर्णयाचा होता. लाचखोर पकडणे हे पोलिसांचे आणि न्यायालयांचे काम मानले जाई.

भारतात अशा पदासाठी 'लोकपाल' हा शब्द १९६३ च्या सुमारास संसदेतील चर्चेतून रूढ झाला. १९६६ मध्ये नेमलेल्या पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरात अंतरिम अहवाल दिला, तोच मुळी नागरिकांच्या गाऱ्हाण्यांच्या निवारणावर. केंद्रासाठीच्या लोकपालाचे विधेयक लोकसभेत १९६९ मध्ये मंजूर झाले, पण राज्यसभेत निर्णय होण्याआधी लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. पुढे चार दशके केंद्रात विधेयके येत राहिली आणि बारगळत राहिली. महाराष्ट्राने वाट पाहिली नाही. ओडिशाने १९७० मध्ये कायदा केला होता, पण तो लागू व्हायला बरीच वर्षे गेली. प्रत्यक्ष लोकायुक्त काम करू लागले ते प्रथम महाराष्ट्रात, २५ ऑक्टोबर १९७२ पासून.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने दोन वाटा आखल्या. आरोप, म्हणजे पदाचा गैरवापर, स्वार्थी हेतू, भ्रष्टाचार. आणि गाऱ्हाणे, म्हणजे कुप्रशासनामुळे एखाद्यावर झालेला अन्याय किंवा त्याला सोसावा लागलेला अवाजवी त्रास. कुप्रशासनाची व्याख्या मुद्दाम पाहण्याजोगी आहे. अवाजवी, अन्यायकारक, जाचक किंवा गैर भेदभावाची कृती त्यात येते, हलगर्जीपणा आणि विनाकारण विलंबही येतो. शिवाय ती कृती ज्या कार्यपद्धतीतून झाली, ती कार्यपद्धतीच अवाजवी किंवा विलंब घडवणारी असेल तर तीही येते. म्हणजे एका कारकुनाची चूक दुरुस्त करून थांबण्याचे बंधन लोकायुक्तांवर नाही. तीच चूक दर महिन्याला का होते, असे ते विचारू शकतात.

निवृत्तिवेतनाचे उदाहरण घ्यावे. सरकारी नोकरांच्या सेवाविषयक तक्रारी सामान्यतः लोकायुक्तांकडे चालत नाहीत. त्यासाठी प्रशासकीय न्यायाधिकरण आणि न्यायालये आहेत. पण निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी अशा निवृत्तीनंतरच्या देण्यांना कायद्याने मुद्दाम सूट दिली आहे, कारण आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाला शेवटी वकील लावायला लावणे योग्य नाही. अशी प्रकरणे अडतात ती बहुतेक ठरलेल्या जागी. सेवापुस्तकातील नोंदी अपुऱ्या असतात, वीस वर्षांपूर्वीच्या वेतननिश्चितीतली चूक नेमकी निवृत्तीच्या तोंडावर सापडते, ना-देय प्रमाणपत्र एका कार्यालयात अडकते. लोकायुक्त कार्यालयातून स्वयंस्पष्ट अहवाल मागवणारे पत्र गेले की धूळ खात पडलेली नस्ती (फाइल) वर येते, आणि पुष्कळदा सुनावणीच्या तारखेपर्यंत रक्कम मंजूर झालेली असते. तक्रारदाराला न्याय मिळतो. पण त्याहून मोलाचे आहे ते विभागाला लेखी उत्तर द्यावे लागणे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नस्ती कुणाच्या टेबलावर होती आणि का, हे एकदा कागदावर आले की पुढच्या प्रकरणात ते टेबल जरा जपून वागते. भूसंपादनाचा मोबदला, प्रकल्पग्रस्तांचे दाखले, फेरफाराच्या नोंदी यांतही हेच घडू शकते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. गाऱ्हाणे, ती कृती तक्रारदाराला कळल्यापासून बारा महिन्यांत मांडावे लागते. अधिकाऱ्याने स्वेच्छाधिकार वापरून घेतलेला निर्णय लोकायुक्तांना केवळ पटला नाही म्हणून बदलता येत नाही. विवेकाचा अंशच दिसू नये इतका तो बिघडलेला असावा लागतो. चौकशी गोपनीय असते, तक्रारदाराचे आणि अधिकाऱ्याचे नाव बाहेर जात नाही. आणि शेवटी हातात असते ती शिफारस. सक्षम प्राधिकाऱ्याने तिच्यावर काय केले ते कळवायचे. समाधान झाले नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल द्यायचा, आणि तो शासनाच्या स्पष्टीकरणासह विधिमंडळापुढे यायचा. यालाच लोक 'दात नसलेला वाघ' म्हणतात. गाऱ्हाण्याच्या बाबतीत मला ही टीका अन्यायाची वाटते. निर्णय सुधारायचा तर तो घेणाऱ्याच्याच हातून सुधारला गेला पाहिजे. बाहेरून आदेश आला की विभाग तेवढा आदेश पाळतो आणि पद्धत जशीच्या तशी ठेवतो. मात्र यासाठी विधिमंडळाने ते अहवाल वाचले पाहिजेत. पटलावर ठेवलेल्या अहवालावर चर्चाच झाली नाही, तर शिफारशीमागचे बळ तिथेच संपते.

याच टप्प्यावर २००७ ची एक शिफारस येते, जिची चर्चा व्हायला हवी तेवढी झालीच नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने शासनातील नीतिमत्तेवरच्या अहवालात शिफारस केली की लोकायुक्तांनी फक्त भ्रष्टाचाराची प्रकरणे हाताळावीत, सर्वसाधारण गाऱ्हाण्यांत पडू नये. पहिल्या आयोगाने ज्या कारणासाठी ही कल्पना मांडली, नेमके तेच कारण दुसऱ्याने काढून टाकले. त्यामागचे तर्क पोकळ नव्हते. गाऱ्हाण्यांच्या ढिगाऱ्यात मोठी भ्रष्टाचाराची प्रकरणे बुडतात, न्यायमूर्तीपदावरून आलेल्या व्यक्तीचा वेळ उपदानाच्या थकबाकीत जातो, आणि तपासाची यंत्रणा व समजुतीची यंत्रणा यांचा स्वभाव वेगळा असतो, हे सारे खरे आहे. अधिकारी गाऱ्हाण्याच्या चौकशीत मोकळेपणाने चूक कबूल करतो, पण तेच कार्यालय उद्या त्याच्यावर गुन्हा दाखल करायला सांगणार असेल तर तो तोंड उघडणार नाही, ही अडचणही खरी आहे. यातून दोन स्वतंत्र कार्यालये काढणे हा निष्कर्ष निघू शकला असता. प्रत्यक्षात एकाचे काम काढून घेतले गेले आणि दुसरे तितक्या स्वतंत्र अधिकाराने उभेच राहिले नाही.

अण्णा हजारे यांच्या २०११ च्या आंदोलनाने हा कल पक्का केला. राळेगणसिद्धीहून निघालेली मागणी दिल्लीच्या रामलीला मैदानावर देशव्यापी झाली, ती भ्रष्टाचाराविरुद्धच्या संतापावर. तरीही, हे विसरले जाते, २७ ऑगस्ट २०११ रोजी संसदेने ज्या तीन मुद्द्यांवर तत्त्वतः सहमती दाखवली, त्यांतला एक नागरिकांच्या सनदेचा होता. कनिष्ठ नोकरशाहीला कक्षेत आणणे आणि राज्यांत लोकायुक्त नेमणे हे दुसरे दोन. सनदेसाठी डिसेंबर २०११ मध्ये वेगळे विधेयक आले. सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा आणि गाऱ्हाणी सोडवून घेण्याचा हक्क त्यात होता. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि तेही बारगळले. लोकपाल कायदा मात्र २०१३ च्या डिसेंबरात मंजूर होऊन १६ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात राज्यांना वर्षभरात लोकायुक्त नेमण्यास सांगितले होते. गाऱ्हाण्याचा निवाडा करण्याचे काम या कायद्याने लोकपालाकडे दिलेले नाही. पहिला लोकपाल नेमला जायलाही मार्च २०१९ उजाडला.

महाराष्ट्रात गाऱ्हाण्याचा एक तुकडा दुसरीकडे सोपवला गेला. बदल्यांचे विनियमन आणि दिरंगाईला प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या कायद्याने नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये असे सांगितले. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला, त्यासाठी आयोग आला, 'आपले सरकार' पोर्टल आले. दाखला वेळेत मिळतो की नाही, यावर या कायद्याची पकड आहे, आणि ती उपयोगी आहे यात शंका नाही. पण तिची हद्द अधिसूचित सेवांपुरती आहे. निवासी दाखल्याला मुदत लावता येते. एखाद्या गावाचे पुनर्वसन कोणत्या निकषावर ठरले आणि तो निकष जाचक आहे का, हे मुदत मोजून कळत नाही.

जानेवारी २०१९ अखेरीस राळेगणसिद्धीत पुन्हा उपोषण झाले. त्यातून मसुद्यासाठी संयुक्त समिती बनली आणि तिच्या कामातून केंद्रीय कायद्याच्या धर्तीवरचे विधेयक उभे राहिले. २८ डिसेंबर २०२२ रोजी विरोधकांनी सभात्याग केलेला असताना ते विधानसभेत चर्चेविना मंजूर झाले. विधान परिषदेची मंजुरी मिळाली १५ डिसेंबर २०२३ रोजी. मुख्यमंत्र्यांविरुद्धच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोन तृतीयांश बहुमताची अट त्यात आहे. बहुमतातल्या पक्षाने स्वतःच्या नेत्याविरुद्ध इतकी मते द्यायची, ही अट पाहता मथळ्यांतला तो मोठा बदल प्रत्यक्षात किती वेळा वापरला जाईल हा प्रश्न उरतो.

दात असलेल्या लोकायुक्तांचे दाखलेही जवळच आहेत. कर्नाटकात १९८४ च्या कायद्याने लोकायुक्तांना पोलिस शाखा मिळाली. २०११ मध्ये खाणकामावरील अहवालानंतर तिथल्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे २०१६ मध्ये सरकारने भ्रष्टाचारविरोधी तपासासाठी वेगळा विभाग काढून ते अधिकार काढून घेतले आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द करेपर्यंत ती शाखा जवळपास निकामी राहिली. गोव्यात तर २०२० मध्ये निवृत्त होताना लोकायुक्तांनीच जाहीरपणे सांगितले की त्यांनी सरकारला दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नाही. ही दोन्ही उदाहरणे आरोपांच्या वाटेवरची आहेत. त्या वाटेवर सरकार थेट अंगावर येते, हे या दोन राज्यांनी पुरेसे दाखवले आहे. गाऱ्हाण्याच्या वाटेवर असा संघर्ष क्वचित होतो, म्हणून तिची बातमीही होत नाही. नव्या कायद्याचे नियम बनवताना १९७१ मधील कुप्रशासनाची ती व्याख्या कुठे आणि कुणाच्या अखत्यारीत राहणार, हे ठरवणे विधिमंडळाला अजूनही शक्य आहे. मुख्यमंत्र्यांच्या कक्षेवर जितके तास खर्च झाले, त्यांतला थोडा वेळ त्यासाठी मिळायला हवा.