कोल्हापुरात बनलं म्हणून पॅनेल निम्म्या किमतीत मिळत नाही

"मजुरी इथं स्वस्त, मग सोलर पॅनेल शिरोलीच्या एमआयडीसीत बनवा, निम्म्या किमतीत पडेल." हे वाक्य आपल्याकडं कित्येक वर्षं फिरतंय. ते चूक आहे.

पॅनेलच्या कारखान्यात मुख्यतः जुळणी होते: सेल (उन्हापासून वीज बनवणारे तुकडे), काच, ॲल्युमिनियमची चौकट, मधली फिल्म. जोडणी, लॅमिनेशन यंत्रंच करतात. त्यामुळं खर्च बहुतेक मालाचा, मजुरीचा अगदी थोडा. शिवाय सेल बनतो वेफरपासून, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीपासून, आणि वेफर बनतो पॉलिसिलिकॉनपासून, म्हणजे अतिशुद्ध सिलिकॉनपासून. ते शुद्ध करायला वीज अफाट लागते आणि या साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर जगाच्या उत्पादनात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे नुसती जुळणी इथं आणली, तरी मोठा खर्च जागच्या जागीच राहतो.

देशी माल आपोआप स्वस्त पडला असता, तर एप्रिल २०२२ मध्ये आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लावावंच लागलं नसतं. घराच्या छतावरच्या सोलरसाठी असलेल्या पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदानही देशी सेलच्या पॅनेललाच मिळतं, आणि ती पॅनेलं बाजारात महागच आहेत.

माझ्या मते आपली खरी संधी पॅनेलखालच्या सांगाड्यात आहे. लोखंड कापणं, वेल्डिंग, गॅल्व्हनायझिंग (गंजू नये म्हणून जस्ताचा थर): तिथं हाताच्या कसबाला दाम आहे, आणि ते कसब कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलंय.