भिजल्यावर बळकट होणारा दोर

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ कट्टीहंक नावाचं छोटंसं बेट आहे. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी तिथे गळाच्या मासेमारीचा क्लब काढला, तो मुख्यतः स्ट्राइप्ड बास या एका माशासाठी. चंदेरी अंगावर सात-आठ काळसर रेघा असलेला हा मासा अंडी घालायला नदीत शिरतो, एरवी समुद्रात वावरतो आणि खडकांवर लाटा फुटतात तिथे भक्ष्य शोधतो. म्हणून क्लबने खडकांवरून थेट लाटांपर्यंत अरुंद माच्या बांधल्या. सभासद माचीवरून गळ टाकायचा आणि त्याचा मदतनीस मेनहेडन मासे किंवा शेवंडीचे तुकडे पाण्यात फेकून बासला जवळ आणायचा.

काठीसाठीचा बांबू त्या काळी बराचसा कलकत्त्याहून जाई. रिळं न्यूयॉर्कच्या कारागिरांची. एडवर्ड व्होम होफ यांची जर्मन सिल्व्हर आणि कडक रबराची रिळं आजही संग्राहक शोधत असतात, आणि ती हातात घेतली की का ते लगेच कळतं. पण सुरुवातीच्या रिळांना खरा ब्रेक नव्हता. गळ फेकला की वजन हवेत मंदावतं, रीळ मात्र त्याच वेगात फिरत राहतं; दोर सैल पडून त्याचा गुंता होतो. तो टाळायला अंगठा हलकेच रिळावर टेकवायचा. मोठा मासा पळू लागला की त्याच अंगठ्याने सगळा जोर पेलायचा. घर्षणाने कातडी भाजू नये म्हणून अंगठ्यावर चामड्याची किंवा विणलेली टोपी चढवत.

मला सगळ्यांत थक्क करतो तो दोर. लिननच्या या पीळदार दोराला बेटावरूनच ‘कट्टीहंक’ हे नाव पडलं. ऱ्होड आयलंडमधली, १८२४ पासूनची ‘अ‍ॅशअवे’ कंपनी तो बनवत असे. त्याची ताकद पदरांवर मोजत: भिजलेल्या दर पदराला तीन पौंड, म्हणजे नऊ पदरी दोर सत्तावीस पौंडांचा, साधारण १२ किलोंचा. मोजणी भिजलेल्या दोराची, कारण लिनन पाण्यात अधिक बळकट होतं. आपण जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पिकवतो. त्याच झाडाच्या खोडातून लिननचा तंतू निघतो. तो मुख्यतः सेल्युलोजचा असतो. पाणी शिरलं की तंतू फुगतात आणि पिळात एकमेकांना घट्ट धरतात. कडकपणा कमी झाल्याने ताणही एका जागी न साचता अनेक तंतूंत वाटला जातो.

नायलॉनचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १९१३ मध्ये, चार्ल्स चर्च यांनी कट्टीहंकजवळ ७३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३३ किलोंचा बास पकडला. १९६७ मध्ये त्या वजनाची बरोबरी झाली, पण गळाने पकडलेल्या बासचा हा विक्रम मोडायला १९८१ साल उजाडलं.

लिननचा शत्रू म्हणजे कुजणं. मासेमारी आटोपली की सगळा दोर रिळावरून उतरवून वाळवावा लागे; आळस केला तर पुढच्याच माशाला तो दगा देई. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं. ते भिजल्यावर थोडं कमकुवतच होतं, पण कुजत नाही, आणि रोज वाळवायच्या कटकटीपुढे लोकांनी तेवढी घट आनंदाने सोसली.