स्त्रीपार्ट (मराठी रंगभूमी)

मराठी रंगभूमीवर पुरुष नटाने स्त्रीची भूमिका करण्याची प्रथा. अशा नटाला 'स्त्रीपार्टी' म्हणत. संगीत नाटकाच्या बहराच्या काळात, साधारणपणे 1880 ते 1930 च्या दरम्यान, शहरी प्रेक्षकाने रंगमंचावर पाहिलेल्या शकुंतला, सुभद्रा, शारदा आणि सिंधू बहुतांशी पुरुषांनीच उभ्या केल्या. त्यामुळे अभिनयपद्धतीच्या इतिहासात या प्रथेला जितके स्थान आहे, तितकेच ते स्त्रीप्रतिमेच्या इतिहासातही आहे.

प्राचीन आधार : भरताच्या नाट्यशास्त्रात भूमिकांचे वाटप सांगताना अनुरूपा, विरूपा आणि रूपानुसारिणी असे तीन प्रकार मानले आहेत. स्त्रीने स्त्रीची आणि पुरुषाने पुरुषाची भूमिका करणे हा पहिला प्रकार. पोराने म्हाताऱ्याचे किंवा म्हाताऱ्याने पोराचे सोंग घेणे हा दुसरा. आणि पुरुषाने स्त्रीचा स्वभाव धारण करून अभिनय करणे हा तिसरा. पतंजलीच्या महाभाष्यात (सामान्यतः इ.स.पू. 2 रे शतक) स्त्रीवेषधारी नर्तकाचा उल्लेख येतो, आणि अमरकोशाने अशा नर्तकासाठी 'भ्रकुंस' हा शब्द त्याच्या पाठभेदांसह नोंदवला आहे. भवभूतीच्या मालतीमाधवात तर प्रस्तावनेतच सूत्रधार आपण कामंदकी या बौद्ध परिव्राजिकेची भूमिका घेत असल्याचे सांगतो. मात्र एवढ्यावरून संस्कृत रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या असे म्हणता येत नाही. हर्षाच्या प्रियदर्शिकेतील अंतर्नाट्य अंतःपुरातल्या स्त्रियाच करतात, आणि त्यात राजाची भूमिकाही एका स्त्रीकडे सोपवलेली असते. नाट्यशास्त्राचा कलही गाणे हे स्त्रियांचे आणि पाठ्य हे पुरुषांचे स्वाभाविक अंग मानण्याकडे आहे. मराठी संगीत नाटकाने नेमकी उलटी वाट धरली आणि नायिकेचे गाणे पुरुषाच्या गळ्यात घातले.

मराठीतील उगम : याविषयी मतभेद आहेत. प्रथेचा धागा वरील शास्त्रपरंपरेशी जोडणारे एक मत आहे. ते आकर्षक असले तरी मधल्या कित्येक शतकांचा दुवा त्यातून सांधला जात नाही. लोकनाट्याकडे बोट दाखवणारे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींनी (पौराणिक खेळ करणाऱ्या लोकनाट्य-कलावंतांनी) 1842 च्या सुमारास सांगलीत खेळ केले. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसा खेळ मराठीत रचण्यास सांगितले, आणि 1843 मध्ये सीतास्वयंवर रंगमंचावर आले. भागवतांच्या खेळात, कोकणच्या दशावतारात आणि कीर्तनाला जोडून होणाऱ्या लळितात स्त्रीची सोंगे पुरुषच घेत. भाव्यांच्या आख्याननाटकांना ही सोय आयतीच मिळाली.

तिसरे मत सामाजिक निर्बंधाचे : कुलीन स्त्री रंगमंचावर येणे शक्यच नव्हते, म्हणून पुरुष आले. हे खरे, पण अपुरे. गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंत स्त्रिया तेव्हाही होत्या. तमाशात पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा पुढे स्वतःच्या नावावर गर्दी खेचत होती. तेव्हा प्रश्न स्त्रिया मिळण्या-न मिळण्याचा नव्हता. पांढरपेशा प्रेक्षकाला आपल्या घरातल्या स्त्रीचे चित्र पाहायचे होते, आणि ते कलावंतिणीच्या अंगावर पाहण्याची त्याची तयारी नव्हती. शुद्ध चारित्र्याच्या नायिकेला पुरुषाचा देह चालला, कलावंतिणीचा चालला नाही. या प्रथेची खरी गोम इथे आहे.

घडण : नाटकमंडळ्या कोवळ्या वयाची, गोड गळ्याची मुले हेरून आणत आणि बिऱ्हाडी ठेवून तयार करीत. केस वाढवणे, नऊवारी नेसून वावरणे, पदर सावरणे, मान वळवण्याआधी नजर वळवणे ही शिकवणुकीची अंगे. आवाज फुटला की अनेकांची कारकीर्द तिथेच संपे. भाऊराव कोल्हटकर (1863–1901) यांचा उंच, चढा आवाज टिकला आणि किर्लोस्कर मंडळीच्या सौभद्रातील (1882) त्यांची सुभद्रा गाजली. उत्तरकाळात ते पुरुषभूमिकांकडे वळले. गद्य रंगभूमीवर शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांच्या नायकांसमोर बाळाभाऊ जोग नायिका रंगवीत. मास्टर दीनानाथ, विष्णुपंत पागनीस यांचीही सुरुवातीची कीर्ती स्त्रीभूमिकांचीच.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (1888–1967) यांच्याकडे ही प्रथा परमावधीला पोचली. मानापमानातील भामिनी (1911), स्वयंवरातील रुक्मिणी (1916), एकच प्याला मधील सिंधू (1919) या त्यांच्या प्रमुख भूमिका. टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलै 1921 रोजी दोन मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानात केशवराव भोसले यांच्या धैर्यधरासमोर ते भामिनी झाले. त्यांच्या लुगड्यांची, दागिन्यांची, अंबाड्यावरच्या फुलांची उचल घरंदाज स्त्रियांनी केली, हे समकालीनांनी वारंवार नोंदवले आहे. म्हणजे स्त्रीचे अनुकरण करणाऱ्या पुरुषाचे अनुकरण पुन्हा स्त्रियांनी केले. सिंधूच्या भूमिकेत भरजरी शालू नव्हता. दारुड्या नवऱ्याच्या घरात दळण-कांडण करून मूल सांभाळणारी, लाथाडली तरी पतीच्या पायांशी राहणारी ही स्त्री. प्रेक्षक तिच्यासाठी रडे आणि त्याच वेळी तिच्या पदांना 'वन्स मोअर' देई. सोशिकपणा इतका सुरेल करून दाखवण्यात स्त्रीपार्टाचे सामर्थ्य होते, आणि दोषही.

स्त्रियांचा प्रतिसाद : नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणावर स्त्रीने केलेली टीका या प्रथेच्या ऐन उमेदीतली आहे. सौभद्र आले त्याच 1882 साली ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध निघाला. स्त्रीला कपटी, चंचल ठरवणाऱ्या तत्कालीन लेखनाचा त्यात झणझणीत समाचार आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'बायकांचे बंड' (1907) या नाटकाला गिरिजाबाई केळकर यांनी 'पुरुषांचे बंड' (1913) लिहून नाटकानेच उत्तर दिले. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' (1899) मात्र पुरुषाने लिहिलेले असूनही मुलीच्या बाजूने उभे राहते. म्हाताऱ्या वराला पैशासाठी विकल्या जाणाऱ्या मुलीची आणि तिच्या मैत्रिणींची आपसांतली बोलणी त्यात आहेत. ती बोलणी रंगमंचावर आवाज न फुटलेल्या मुलग्यांच्या तोंडून आली, तरी त्यांची धार बोथट झाली नाही.

ऱ्हास : चित्रपटाचा आरंभही स्त्रीपार्टानेच झाला. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्रात (1913) तारामती साळुंके या तरुणाने केली, आणि लंकादहनात (1917) राम व सीता या दोन्ही भूमिका त्याच्याकडेच होत्या. पण फाळक्यांच्याच मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) पडद्यावर आल्या. स्त्रियांच्याच नाटकमंडळ्याही निघाल्या होत्या. त्यांत बेळगावकर आणि मनोहर या स्त्री संगीत मंडळ्यांची नावे घेतली जातात, आणि काही ठिकाणी पुरुषपात्रेही स्त्रियाच रंगवीत. हिराबाई बडोदेकर यांनी 1929 च्या सुमारास स्वतःची मंडळी काढून सुभद्रेसारख्या भूमिका केल्या. नाट्यमन्वंतर संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात (1 जुलै 1933) ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी भूमिका केल्या. व्यावसायिक शहरी रंगभूमीवर स्त्रीपार्टाचे दिवस भरले ते इथून, असे सामान्यतः मानतात. बालगंधर्वांनी 1937 च्या साध्वी मीराबाई या बोलपटात मीरा साकारली. रंगमंचाच्या अंतराने सांभाळलेला भास कॅमेऱ्याच्या जवळिकीत टिकला नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या नाटकांत गोहरबाई कर्नाटकी नायिका म्हणून उभ्या राहू लागल्या.

लोकरंगभूमीवर प्रथा सर्वस्वी गेलेली नाही. तमाशाच्या गौळणीतील मावशी पुरुषच करतो, पण तिचा रोख विनोदाकडे असतो. सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्यांत आजही स्त्रीभूमिका करणारे नट गंभीरपणे, स्वतःचा साज स्वतः बाळगून उभे राहतात, आणि गावोगावच्या जत्रांत त्यांच्या नावावर प्रेक्षक येतो.